चार तारांची गिटार अपुरी नव्हे

गेल्या आगमनकाळातील एका रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या ओटीवर आले. मुलाच्या हातात एक लहानखुरी गिटार होती. तिची घोडी तबलीपासून सुटून वर आली होती आणि दांडी पुढच्या बाजूला वाकली होती. माथ्यावर सहा खुंट्या होत्या. त्यांपैकी चार जुन्या, पिवळट पडलेल्या आणि दोन नव्या, झगझगीत. गृहस्थ बोटीवर नोकरी करतात. अमेरिकेतील एका बंदरात जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी हे वाद्य मुलासाठी आणले होते.

‘फादर, आणली तेव्हा हिला चारच तारा होत्या,’ ते म्हणाले. ‘क्लासचे सर म्हणाले, दोन तारा कमी आहेत, हिच्यावर काही शिकवता यायचं नाही. म्हणून शहरात नेऊन दोन बसवून घेतल्या. चार महिन्यांत हे असं झालं.’

त्या क्लासचे किंवा दुकानाचे नाव आम्ही येथे घेणार नाही. त्या दोघांनी जे केले ते आपल्यापैकी नव्वद जणांनी केलेच असते. गिटार म्हणजे सहा तारा, हे आपण इतके गृहीत धरले आहे की चार तारा दिसताच आपण हरवलेल्या दोन शोधू लागतो. पण ज्या माणसाने हे वाद्य घडवले त्याला सहा मोजता येत नव्हते काय, हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही. आम्ही तो आज विचारत आहोत, आणि थोड्या रागानेच विचारत आहोत, कारण एका चांगल्या वाद्याचा त्यात नाश झाला.

त्या वाद्याला अमेरिकेत टेनर गिटार म्हणतात. त्याची कुळकथा सांगायची तर आधी बँजोकडे जावे लागते आणि तेथे मराठी वाचकाची एक अडचण आहे. आपल्याकडे लग्नाच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला ‘बेंजो’ म्हणतात त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे काहीही संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याच्यावर टाइपरायटरसारख्या कळा असतात. त्याचे मूळ जपानी वाद्य तैशोगोतो नागोया येथील गोरो मोरिता यांनी 1912 साली तयार केले. अमेरिकन बँजो हे लांब दांडीचे वाद्य असून त्याच्या गोल कड्यावर डफासारखे कातडे ताणलेले असते. तार छेडली की कातडे वाजते. आवाज मोठा, कोरडा आणि क्षणात विरणारा. या लेखात बँजो म्हणजे हा दुसरा.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस या बँजोचा एक आखूड दांडीचा, चार तारांचा प्रकार निघाला. टँगो नृत्याची लाट होती आणि नृत्यवृंदांना गर्दीत ऐकू जाईल असे वाद्य हवे होते. मँडोलिन वाजवणारे हजारो हात तयार होतेच. त्यांच्या सोयीसाठी या टेनर बँजोच्या तारा सी-जी-डी-ए अशा लावल्या गेल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर खालच्या तारेला षड्ज मानले की शेजारची तार तिच्या पंचमात लागते, तिच्यापुढची त्या पंचमाच्या पंचमात आणि चौथी पुन्हा तशीच. मँडोलिनची आणि व्हायोलिनची जुळवणी याच षड्ज-पंचम भावाची असते. फक्त स्वरस्थाने वेगळी. व्हायोलाची तर तंतोतंत हीच. उलट सहा तारांच्या गिटारीवर शेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते आणि एकाच ठिकाणी ते गांधाराइतके होते. म्हणजे दोन्ही वाद्ये पडद्यांची असली तरी बोटांना ती दोन वेगळ्या भाषांसारखी आहेत.

आता 1925 साल येते. ध्वनिमुद्रण तोवर कर्ण्यासमोर बसून होत असे. त्या साली विजेच्या मायक्रोफोनवर ते होऊ लागले. कर्ण्याला बँजोचा कडाडणारा आवाज मानवत असे, गिटारीचा हळुवार आवाज त्यात हरवून जाई. मायक्रोफोनने हा न्याय उलटा केला. एडी लँगसारख्या वादकांची गिटार तबकडीवर स्पष्ट ऐकू येऊ लागली, श्रोत्यांची रुची पालटली आणि बँडचे चालक बँजोवाल्यांना सांगू लागले की उद्यापासून गिटार घेऊन या. ज्याने पंधरा वर्षे पंचमाच्या जुळवणीवर हात बसवला आहे, ज्याच्या घरात खाणारी तोंडे आहेत, त्याने सहा तारांची नवी भाषा केव्हा शिकायची? गिब्सन आणि मार्टिन या गिटार बनवणाऱ्या कंपन्यांनी 1927 च्या सुमारास त्याला उत्तर दिले. शरीर गिटारीचे, दांडी टेनर बँजोच्या बेताची, तारा चार, जुळवणी तीच. बँजोवाल्याने आज रात्री हे वाद्य उचलावे आणि उद्या संध्याकाळी कामावर जावे.

अशी आणखी एक बहीण होती. पाच तारांच्या बँजोची आखूड पाचवी तार काढून टाकली की प्लेक्ट्रम बँजो होतो. त्याची दांडी लांब आणि जुळवणी सी-जी-बी-डी. त्या वादकांसाठी प्लेक्ट्रम गिटार निघाली. ती टेनरहून दुर्मीळ आहे. शिकागोच्या जॅझमधील एडी काँडन हा बँजोवरून आलेला गडी. तो आयुष्यभर चारच तारांची गिटार वाजवत राहिला. तो एकट्याचे वादन जवळजवळ करीतच नसे, केवळ लय आणि स्वरमेळ धरून ठेवी, आणि त्याच्याभोवती थोर वादक आनंदाने वाजवत.

हे सांगितले की सुशिक्षित मंडळी लगेच दुसरा आक्षेप घेतात, आणि तो पहिल्याहून अधिक चतुर आहे. ते म्हणतात, ‘म्हणजे हे मुळी खरे वाद्यच नव्हे! बेकार होऊ घातलेल्या बँजोवाल्यांची ती तात्पुरती सोय. सोय संपली, वाद्य संपले.’ वाद्याचा जन्म पोटासाठी झाला म्हणून ते खोटे ठरते, हा तर्क आम्हाला मुळीच मान्य नाही. सोयीसाठी जन्मलेल्या वस्तूंनी पुढे काय केले ते पाहावे. अलाबामाच्या डेल्मोर बंधूंपैकी धाकटा राबॉन टेनर गिटार वाजवी आणि थोरला ऑल्टन सहा तारांची. 1930 च्या दशकात त्या दोघांच्या मंद स्वरांनी दक्षिणेतील रेडिओ भरून राहिला होता. तेथे कोणी बँजोवाला वाचवायचा नव्हता. थोरल्याच्या गिटारीच्या वर, तिला न झाकता, वाजणारी एक उंच आणि स्वच्छ गिटार हवी होती, इतकेच. टायनी ग्राइम्स या कृष्णवर्णीय वादकाने चार तारांच्या विद्युत गिटारीवर आर्ट टेटम या पियानोच्या महामेरूबरोबर साथ केली आणि सप्टेंबर 1944 मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणात तरुण चार्ली पार्कर सॅक्सोफोन वाजवायला होता. दोन तारा कमी आहेत, असे टेटमने त्याला म्हटल्याचे ऐकिवात नाही. 1958 साली ‘टॉम डूली’ या गाण्याने अमेरिका दणाणून सोडणाऱ्या किंग्स्टन ट्रिओतील निक रेनॉल्ड्सच्या हातात मार्टिनची टेनर गिटारच असे.

ब्राझीलमध्ये तर या वाद्याला घरच मिळाले. साओ पावलोत 1915 साली जन्मलेला गारोतो लहानपणी ‘बँजोवाला पोर’ म्हणून ओळखला जाई. पुढे त्याने टेनर गिटार हाती घेतली, 1939 मध्ये कार्मेन मिरांडाच्या साथीदारांबरोबर तो अमेरिकेला गेला आणि ब्राझीलच्या संगीतात या वाद्याला त्याने स्वतःचा आवाज दिला. पोर्तुगीज बोलणाऱ्या त्या देशात चार तारांची पूर्वीपासून सवय होती. पोर्तुगालचे चिमुकले काव्हाकिन्यो तेथे घरोघर वाजते. त्याचाच माडैरा बेटावरचा भाऊ 1879 साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून आलेल्या मजुरांबरोबर हवाईत उतरला आणि युकुलेले झाला. युकुलेलेला मात्र कोणी अपुरी गिटार म्हणत नाही. ते लहान आहे, गोंडस आहे, त्याला क्षमा आहे. टेनर गिटारीचा अपराध एवढाच की ती जवळजवळ मोठ्या गिटारीइतकी दिसते.

आणि सहा हा आकडा तरी कोठून आला? 1546 साली सेव्हिल येथे आलोन्सो मुदार्राचा संगीतग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील काही रचना गिटारीसाठी आहेत आणि ती गिटार चार तारस्थानांची आहे. याच साली मुदार्रा सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये कॅनन झाला, हे आमच्या धर्मगुरू वाचकांसाठी. 1555 मध्ये फ्रान्सिस्कन संन्यासी हुआन बेर्मुदो याने आपल्या ग्रंथात या चार स्थानांच्या गिटारीचे वर्णन केले. तिची बहुतेक स्थाने जोडतारांची होती, हे मान्य. पण बोटांना स्थाने चारच. सहा एकेरी तारांची गिटार रूढ व्हायला अठरावे शतक संपत यावे लागले. तेव्हा गिटारीचे ‘मूळ रूप’ म्हणून कोणी सहा तारा पुढे करील तर त्याने आपली कालगणना तपासावी.

बँजोच्या बाबतीत तर आकड्यांचा हा हट्ट अन्यायाच्या थराला गेला आहे. पाच तारांचा बँजो तोच खरा आणि त्याची आखूड पाचवी तार व्हर्जिनियाच्या जोएल वॉकर स्वीनी या गौरवर्णीय कलावंताने शोधली, असे दीर्घ काळ सांगितले गेले. स्वीनीचा जन्म 1810 च्या सुमाराचा. पण नेदरलँड्समधील लायडन येथील संग्रहालयात सुरिनामचे एक वाद्य आहे. भोपळ्याचे आहे, गुलाम आफ्रिकनांनी घडवलेले आहे, आणि 1770 च्या दशकात तेथे असलेल्या स्टेडमन नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने ते युरोपात आणले. त्याला तारा चार आहेत: तीन लांब, एक आखूड. दक्षिण कॅरोलायनातील गुलामांच्या नृत्याचे अठराव्या शतकाच्या अखेरचे एक जलरंगचित्र प्रसिद्ध आहे. त्यातल्या बँजोवरही आखूड तार आहे. म्हणजे ती आखूड तार आफ्रिकन हातांची. स्वीनीच्या पिढीत भर पडली ती फार तर खालच्या एका लांब तारेची. सेनेगल आणि गांबियाच्या जोला लोकांचे आकोंतिंग आजही याच कुळाचे लक्षण दाखवते: भोपळा, कातडे, काठीची दांडी आणि एक आखूड तार. तोंडाला काळे फासून गुलामांची टवाळी करणाऱ्या रंगमंचावर हे वाद्य गोऱ्यांनी नेले आणि नंतर त्याचे जनकत्वही घेतले.

येथे आम्हाला आमच्याच पक्षाविरुद्ध एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लायडनच्या वाद्याला चार तारा आहेत म्हणून ते टेनर गिटारीचे पणजोबा, असा निष्कर्ष आम्ही काढला तर तीही आकड्यांचीच भूल होईल. लायडनच्या चारात आखूड तार आहे. टेनर बँजोने नेमकी तीच तार टाकून दिली आणि मँडोलिनची जुळवणी घेतली. त्याने आफ्रिकेकडून कातडे आणि आवाज घेतला, पण अंगठ्याने छेडायची ती सतत घुमणारी तार सोडली. हे काही लहान नुकसान नव्हते. मुदार्राच्या गिटारीची चार स्थाने आजच्या गिटारीच्या वरच्या चार तारांच्याच अंतरांनी जुळवलेली होती, टेनरची तशी नाही. चार आणि चार यांत इतके अंतर असू शकते. म्हणूनच आमचे म्हणणे असे की वाद्य ओळखताना तारा मोजू नयेत. त्या कशा जुळवल्या आहेत आणि कोणाचा हात त्यांवर बसलेला आहे, ते पाहावे.

या कसोटीवर टेनर गिटारीची पुष्कळशी हेळसांड उघडी पडते. एक उपाय काही शिक्षक सुचवतात: तिच्या तारा डी-जी-बी-ई अशा लावाव्यात, म्हणजे सहा तारांच्या गिटारीच्या वरच्या चारांसारख्या. याला शिकागो जुळवणी म्हणतात, नामांकित वादकांनी ती वापरली आहे आणि तीत पाप काही नाही. परंतु मग विद्यार्थ्याला मिळते ती खरोखरच दोन तारा कमी असलेली गिटार! पंचमाच्या जुळवणीत चार तारांचा पल्ला दूरवर जातो. खालचा सी आणि वरचा ए यांत पावणेदोन सप्तकांचे अंतर असते. शिकागो जुळवणीत ते जेमतेम सव्वा सप्तकाचे उरते. आधी वाद्याला लुळे करायचे आणि मग त्याच्या लंगडण्यावर बोट ठेवायचे, असा हा प्रकार होतो.

याहून वाईट म्हणजे सुतारकाम. डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि तीन बोटांच्या त्याच्या वादनाने पाच तारांच्या बँजोला विलक्षण मागणी आली. युद्धापूर्वीचे गिब्सनचे उत्तम बँजो मात्र बहुतेक टेनर होते. तेव्हापासून आजतागायत त्या जुन्या टेनर बँजोंच्या दांड्या काढून पाच तारांच्या नव्या दांड्या बसवण्याचा उद्योग चालू आहे. बाजारभाव पाहता त्या लोकांना दोष देणे कठीण आहे. परंतु ज्या वाद्याने आयर्लंडमध्ये बार्नी मकेना याच्या हातून, व्हायोलिनच्या बरोबर एक सप्तक खाली लागून, साऱ्या देशाच्या नृत्यसंगीतात आपली जागा मिळवली, त्याला ‘पाच तारांच्या बँजोसाठी लागणारा कच्चा माल’ समजणे आम्हाला तरी जड जाते.

आमच्या ओटीवरच्या गिटारीलाही हेच झाले होते, फक्त बाजारभावाचेही निमित्त नव्हते. टेनर गिटारीची दांडी वरच्या टोकाला साधारण सव्वा इंच रुंद असते. सहा तारांच्या गिटारीची पावणेदोन इंचांच्या आसपास. सव्वा इंचात सहा तारा कोंबल्या तर मुलाने बोट ठेवायचे कोठे? शिवाय सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण 70 किलोंच्या घरात जातो. ज्या पातळ तबलीला आतून चार तारांपुरतेच आधार दिले आहेत ती तबली तो ताण किती दिवस सोसणार? चार महिने तिने सोसला, हेच तिला घडवणाऱ्याचे कौशल्य.

एक गोष्ट जाता जाता. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत मिस्सेत गिटार आणावी की नाही यावर वडीलधारी मंडळी तावातावाने भांडत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले होते, तरी कित्येक गायनवृंदांत गिटार संशयाने पाहिली जाई. त्या वेळी गिटारीची बाजू घेऊन भांडलेले काही जण आज स्वतः गायनवृंद चालवतात, आणि आता चार तारांच्या गिटारीकडे ते त्याच नजरेने पाहतात. मनुष्यस्वभाव म्हणायचा!

वाद्याचे पुढे काय झाले ते वाचक विचारतीलच. गृहस्थांना आम्ही एका जुन्या व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे पाठवले. त्याने नव्या दोन खुंट्या काढल्या, भोके लाकडाने बुजवली, घोडी पुन्हा चिकटवली आणि दांडी बऱ्यापैकी सरळ केली. पूर्वीचा आवाज आला की नाही हे सांगायला पूर्वीचा आवाज आम्ही ऐकलेला नाही. तारांसाठी बरीच शोधाशोध झाली. अखेर सुट्या तारा घेतल्या: इंचाच्या हजाराव्या भागात 10, 14, 24 आणि 32 जाडीच्या, बारीकपासून जाडीकडे. ज्यांच्या घरी असे वाद्य असेल त्यांनी ही मापे टिपून ठेवावीत. नेहमीच्या गिटारीच्या संचातील जाड पहिली तार ओढून ए स्वरापर्यंत नेऊ नये. ताण फाजील वाढतो.

तारा चढवल्यावर मुलगा पुन्हा अडला, कारण क्लासमध्ये शिकलेले एकही बोट तिच्यावर चालेना. तेव्हा आमच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या एका मुलीने ती मागून घेतली. दहा मिनिटे तिने पडदे चाचपले, आणि मग प्रवेशगीताची चाल सरळ वाजवून दाखवली. तिची बोटे व्हायोलिनवर जशी पडतात तशीच तेथे पडत होती. मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. त्याने तिला विचारले, ‘ताई, हे मला व्हायोलिनवरून शिकता येईल?’ आता दर शनिवारी तालमीच्या आधी तासभर ती त्याला शिकवते. क्लास त्याने सोडला आहे. त्यामुळे क्लासचे सर आमच्यावर नाराज आहेत, असे कानावर आले. त्यांना आमचे आमंत्रण आहे; एखाद्या शनिवारी त्यांनीही यावे.